रकाना क्रमांक अकरा

जालन्यात, नव्या मोंढ्याच्या बाजूला
खताच्या दुकानावरचा मजला.
'ॲक्युपंक्चर पदविका, मान्यतेच्या प्रतीक्षेत'.
'प्रतीक्षेत' इतकं बारीक
की मी तिसऱ्या पायरीवर थांबून वाचलं.

खाली युरियाचा वास, वर फिनेलचा.
खंदारे सर हार घेऊन उभे.
मी म्हणाले, आधी हजेरीपट.

वर्षभराच्या सह्या एकाच शाईच्या,
एका बैठकीत ओढलेल्या.
सतरा सप्टेंबरलाही चाळीसपैकी चाळीस हजर.
सर, त्या दिवशी मुक्तिसंग्रामाची सुट्टी असते.
सर हसले : मुलं फार मेहनती आहेत मॅडम.

सांगाडा अजून पिशवीत.
निर्जंतुक करायच्या यंत्राची वायर
कारखान्यात बांधली तशीच गुंडाळलेली.
आणि वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा
इतका स्वच्छ
की तळाला दुकानदाराचं लेबल : एकशे चाळीस रुपये.
मी डबा हलवून पाहिला.
काहीच वाजलं नाही.

बाकावर सहा रुग्ण.
दोनशे रुपये रोज आणि पोह्यांवर आणलेले.
कौसाबाई म्हणाली, 'माय, बाकीचे बसल्यात तशी मीबी बसले,
पन माझा गुडघा खरंच दुखू राहिला.
कुनी टोचनार हाय का नुसतंच लिहिनार?'

कुणी हललं नाही.
मग मागच्या रांगेतून नुजहत पठाण उठली.
हात धुतले. नखांपर्यंत, कोपरापर्यंत,
घड्याळाकडे बघत.
गुडघ्याखाली चार बोटं मोजायची असतात.
तिनं स्वतःची नाही लावली.
कौसाबाईचाच हात उचलला,
कापूस वेचून चिरलेली तिचीच चार बोटं
तिच्याच पायावर ठेवली,
आणि नडगीच्या बाहेर जागा दाबली.
'इथं?'
'अगं बया. हितंच.'

पंचवीस वर्षांपूर्वी अंबाजोगाईत
माझ्या बाईंनी पट्टी मारली होती याच चुकीला :
माप रुग्णाच्या बोटाचं. तुझ्या नाही.

सुई गेली. म्हातारीचा चेहरा
जड झाला, मग सैल.
कुठे शिकलीस?
नुजहत खाली बघत म्हणाली,
मोसंबीवर. बागवान मामूंकडची, डागी.
रस आला की समजायचं खोल गेली.
मग स्वतःच्या पायावर.
आणि छातीवर? फुप्फुसाच्या वर?
'तिथं नाही, मॅडम. कुणी शिकवलं नाही.
अंदाजानं नको वाटलं.'

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.
अर्जात त्याला जागा नव्हती.

पाच वाजता सरांनी दार ओढून घेतलं.
फी भरलीय मॅडम पोरांनी. काहींनी म्हैस विकून.
तुम्ही नाही म्हटलं तर ही मुलगी कुठं जाईल?
मला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही.
एवढंच ठाऊक होतं की उरलेले एकोणचाळीस
याच कागदाच्या जोरावर
परतूर, मंठा, भोकरदनला पाट्या लावतील
आणि कुणातरी कौसाबाईच्या बरगड्यांत
अंदाजानं सुई घालतील.

रकाना क्रमांक अकरा. शेरा.
'मान्यता देऊ नये.'
हात थांबला नाही, हे खरं.
खाली पुरवणी जोडली, कुणी मागितली नव्हती :
एका विद्यार्थिनीला अन्य संस्थेत सामावून घ्यावे.
पुरवण्या वाचतात की नाही, मी विचारलेलं नाही.

बस बदनापूर सोडून गेली तेव्हा
पर्समध्ये गोल काहीतरी लागलं.
मोसंबीची पिशवी मी सरांना परत केली होती.
ही वेगळी. कधी टाकली तिनं, कळलं नाही.
साल सुकलेली, बारीक बारीक भोकं,
ओळीत, एकसारख्या अंतरावर.
मी नखानं दाबून पाहिलं.
एकाही भोकातून रस आला नाही.